प्रतिध्वनीचा पारखी

विहिरीच्या काठावर उभे राहून आत हाक मारली, की क्षणार्धात तीच हाक परत कानी येते. भरलेल्या विहिरीतून येणारा आवाज निराळा आणि कोरड्या विहिरीतून येणारा निराळा. गावातील जाणता माणूस तेवढ्यावरून विहिरीत पाणी आहे की नाही हे सांगतो. प्रतिध्वनी ऐकू येणे ही एक गोष्ट, आणि तो काय सांगतो हे ओळखणे ही दुसरी. पहिली सोपी आहे. दुसरी फार अवघड आहे.

अशीच हाक समुद्राला मारून त्याच्याकडून उत्तर मिळविणारा एक थोर शास्त्रज्ञ फ्रान्स देशात होऊन गेला. त्याचे नाव पॉल लांझव्हँ.

लांझव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिस शहराच्या मोंमार्त्र भागात झाला. वडील इमारतींच्या बांधकामाची मोजणी आणि तपासणी करीत. घरची स्थिती साधारण होती. परंतु मुलाची बुद्धी तल्लख असून त्याला अभ्यासाची विलक्षण गोडी होती. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, १८८८ मध्ये, त्याला पॅरिसच्या भौतिकी व रसायन विद्यालयात प्रवेश मिळाला. तेथे त्याला जे गुरू लाभले ते पुढे जगद्विख्यात झाले. ते होते पिअर क्यूरी. याच क्यूरींनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने १८८० मध्ये एक चमत्कारिक शोध लावला होता. क्वार्ट्झ नावाच्या पारदर्शक स्फटिकाची चकती विशिष्ट प्रकारे कापून दाबली, तर तिच्यावर विद्युत् उत्पन्न होते. उलट तिला विद्युत् दिली, तर ती किंचित आक्रसते किंवा फुगते. त्या काळी हा शोध केवळ प्रयोगशाळेतील एक नवल होता. त्याचा मोठा उपयोग आपल्याच शिष्याच्या हातून व्हावयाचा आहे, हे गुरूंना तरी कोठून ठाऊक असणार?

पुढील शिक्षण पूर्ण करून लांझव्हँ १८९७ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथे गेले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. टॉमसन यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. तेथेच तरुण रदरफोर्डशी त्यांची मैत्री जुळली.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एक मोठे वादळ उठले होते. ड्रेफस नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावर १८९४ मध्ये देशद्रोहाचा आरोप ठेवून त्याला शिक्षा देण्यात आली होती. तो ज्यू होता, आणि ज्यूंविषयी अनेकांच्या मनात आकस होता. लोकांनी आरोपालाच पुरावा मानले. परंतु काही विचारवंतांनी कागदपत्रे पारखून पाहिली आणि हा मनुष्य निर्दोष असल्याचे ठामपणे सांगितले. लांझव्हँ वयाने लहान होते, नावाने अप्रसिद्ध होते. तरीही ते या विचारवंतांच्या बाजूने उभे राहिले. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. पुष्कळ लोक एकच गोष्ट मोठ्याने बोलतात म्हणून ती खरी ठरत नाही, हा धडा लांझव्हँ यांनी तरुण वयातच घेतला होता.

मायदेशी परतल्यावर त्यांनी १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९०५ मध्ये त्यांनी पदार्थांच्या चुंबकत्वाची उपपत्ती इलेक्ट्रॉनच्या गतीच्या आधारे मांडली. १९०९ मध्ये ते कॉलेज द फ्रान्स या प्राचीन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अवघड विषय सोपा करून सांगण्याची त्यांची हातोटी मोठी होती. आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत फ्रान्समध्ये रुजविण्याचे श्रेय बहुतांशी त्यांच्याकडेच जाते.

अशा प्रकारे त्यांचे आयुष्य अध्ययन आणि अध्यापनात चालले असता १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन पाणबुड्या समुद्राच्या पोटात दडून बसत आणि अवचित जहाजे बुडवीत. वर उभ्या असलेल्या नाविकाला खाली काय आहे ते दिसत नसे. पाण्यातून प्रकाश फार लांब जात नाही. परंतु ध्वनी मात्र पाण्यातून हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, धावतो आणि दूरवर पोहोचतो. मग ध्वनीनेच पाणबुडी का शोधू नये?

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. १९१२ च्या एप्रिल महिन्यात टायटॅनिक हे प्रचंड जहाज हिमनगावर आदळून बुडाले आणि दीड हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून पुढील संकट प्रतिध्वनीच्या योगाने कळावे, असा विचार अनेकांच्या मनात घोळत होता. १९१५ मध्ये कॉन्स्टँटिन चिलोव्स्की नावाच्या एका रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारकडे तशी योजना पाठविली. ती तपासण्याचे काम लांझव्हँ यांच्याकडे आले. योजना त्यांना पटली आणि ते दोघे कामाला लागले.

तत्त्व साधे होते. पाण्यात ध्वनी सोडावयाचा, वाट पाहावयाची आणि परत येणारा ध्वनी ऐकावयाचा. ध्वनी दोन सेकंदांनी परत आला, तर जाऊन येऊन त्याने ३,००० मीटर प्रवास केला. म्हणजे पुढील वस्तू १,५०० मीटर दूर आहे. हे गणित शाळेतील मुलालाही येईल. अडचण गणितात नव्हतीच. अडचण समुद्रात होती.

खोल समुद्रात पाण्याचा थर जाड असतो. तळ दूर असल्यामुळे तेथून येणारे उत्तर उशिरा व क्षीण होऊन येते. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मात्र वर लाटांचे छत आणि खाली वाळू-खडकांची जमीन, अशा अरुंद दालनात ध्वनी सापडतो. तो छतावर आपटतो, जमिनीवर आपटतो, पुन्हा छताकडे जातो. खडक उत्तर देतात, बुडालेली जहाजे उत्तर देतात, माशांचे थवे उत्तर देतात, लाटांनी पाण्यात कोंडलेले हवेचे बुडबुडेही उत्तर देतात. रिकाम्या दिवाणखान्यात टाळी वाजविली असता जसा एक लांबट घुमारा उठतो, तसा निनाद पाण्यात भरून राहतो. या सर्व गलबल्यात पाणबुडीचा एक क्षीण प्रतिध्वनी असतो. तो ओळखावयाचा कसा? खडकाला पाणबुडी समजले, तर दारूगोळा वाया जातो आणि खलाशी थकून जातात. लांडगा आल्याची खोटी आरोळी ठोकणाऱ्या गुराखी मुलाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. यंत्र वारंवार खोटा इशारा देऊ लागले, म्हणजे खऱ्या इशाऱ्याच्या वेळी त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आणि मग त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.

लांझव्हँ यांनी या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन विचार केला. साधा, जाड आवाज पाण्यात सोडला तर तो उघड्यावर ठेवलेल्या दिव्याप्रमाणे चहूकडे पसरतो आणि दाही दिशांची उत्तरे एकदम गोळा करून आणतो. तेव्हा हाक अशी हवी, की ती बॅटरीच्या झोताप्रमाणे एकाच दिशेने जाईल. त्यासाठी ध्वनीच्या लहरी आखूड असाव्या लागतात, म्हणजेच त्याची कंपने फार जलद असावी लागतात. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० पर्यंतची कंपने ऐकू येतात. लांझव्हँ यांनी ४०,००० च्या आसपासची कंपने निवडली. अशा ध्वनीची एक लहर पाण्यात चार सेंटिमीटरहूनही आखूड असते. शिवाय हाक क्षणमात्र असावयास हवी. कारण एक शतांश सेकंदाची हाकदेखील पाण्यात १५ मीटर जागा व्यापते, आणि हाक लांबली म्हणजे जवळजवळच्या दोन वस्तूंची उत्तरे एकमेकांत मिसळून जातात. अरुंद झोत आणि आखूड हाक, या दोन उपायांनी पुष्कळ फसवे प्रतिध्वनी मुळातच टळतात.

आता प्रश्न होता तो अशी हाक मारणाऱ्या यंत्राचा. प्रथम अभ्रकाचा पातळ थर आणि विजेचा प्रचंड दाब वापरून त्यांनी कंपने उत्पन्न केली आणि सेन नदीच्या पाण्यात प्रयोग केले. १९१६ मध्ये समुद्रतळाचे आणि २०० मीटर अंतरावरील एका पोलादी चिलखती पत्र्याचे प्रतिध्वनी मिळाले. यश आले, पण अपुरे. यंत्र नाजूक होते आणि ऐकण्याचे साधन भरवशाचे नव्हते. याच सुमारास चिलोव्स्की या कामातून बाजूला झाले.

अशा वेळी लांझव्हँ यांना आपल्या गुरूंच्या स्फटिकाची आठवण झाली. पिअर क्यूरी १९०६ मध्येच अपघातात दिवंगत झाले होते. परंतु त्यांची विद्या शिष्यापाशी होती. ध्वनीची लहर स्फटिकावर आदळली तर तो दाबला जाईल आणि विद्युत् उत्पन्न होईल. म्हणजे स्फटिक हाच कान! आणि त्याला जलद उलटसुलट विद्युत् दिली, तर तो थरथरेल; म्हणजे स्फटिक हाच कंठ! १९१७ मध्ये भिंगे बनविणाऱ्या पॅरिसच्या एका कारागिराकडून त्यांनी एक मोठा स्फटिक मिळविला आणि त्याच्या चकत्या कापविल्या. निर्वात नळ्यांचे नवे यंत्र जोडताच स्फटिकाने टिपलेली अत्यंत क्षीण विद्युतही प्रबळ होऊन ऐकू येऊ लागली.

तरीही एक अडचण होतीच. हवी तेवढी कंपने देण्यासाठी स्फटिकाची चकती कित्येक सेंटिमीटर जाड असावी लागे, आणि एवढे मोठे निर्दोष स्फटिक दुर्मिळ होते. लांझव्हँ यांनी यावरही युक्ती काढली. स्फटिकाचे पातळ तुकडे फरशीसारखे शेजारी शेजारी जुळवून त्यांनी ते दोन जाड पोलादी पत्र्यांच्या मध्ये चिकटविले. दोन भाकरींमध्ये चटणीचा पातळ थर असावा, तशी ही रचना होती. स्फटिक थोडा, पण त्याच्याबरोबर पोलादही थरथरू लागले आणि इष्ट कंपने मिळाली. भूमध्य समुद्रावरील तूलाँ बंदरात या यंत्राचे प्रयोग झाले. त्याच्या झोतात सापडलेले लहान मासे मरून पडत आणि पाण्यात हात घातल्यास वेदना होत, इतकी त्याची शक्ती होती. १९१८ च्या प्रारंभी एका बाजूने पाठविलेला ध्वनी ८ किलोमीटरपर्यंत पोहोचला. आणि त्याच वर्षी पाण्याखालील पाणबुडीचे प्रतिध्वनी प्रथमच ऐकू आले. कधीकधी ते १,५०० मीटर अंतरावरूनही येत.

यंत्र युद्धात सरसहा वापरले जाण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपले. लांझव्हँ यांनी त्याच विद्येला शांततेच्या कामाला जुंपले. पाणबुडी शोधताना जो तळाचा प्रतिध्वनी नकोसा वाटे, त्याच प्रतिध्वनीने आता जहाजाखालील पाण्याची खोली मोजता येऊ लागली. पुढे मच्छीमारांनी माशांच्या थव्यांचा प्रतिध्वनी कामी आणला. आज आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील अनेक यांत्रिक नौकांवरही अशी यंत्रे असतात. एकाला जो प्रतिध्वनी फसवा, तोच दुसऱ्याला उपयोगी. प्रतिध्वनी स्वतः कधी खोटे बोलत नाही. चूक होते ती ऐकणाऱ्याच्या समजुतीत.

विद्येच्या क्षेत्रातही लांझव्हँ असेच सावध पारखी होते. १९२४ मध्ये लुई द ब्रॉग्ली या तरुणाने इलेक्ट्रॉनही लहरीप्रमाणे वागतो, असा विलक्षण विचार आपल्या प्रबंधात मांडला. परीक्षकांमध्ये लांझव्हँ होते. त्यांनी तो विचार हसून उडविला नाही, की डोळे मिटून स्वीकारलाही नाही. त्यांनी प्रबंधाची प्रत आइन्स्टाइनकडे पाठविली. आइन्स्टाइनला तो मोलाचा वाटला. तीन वर्षांनी प्रयोगांनी त्याची सत्यता सिद्ध झाली आणि १९२९ मध्ये द ब्रॉग्ली यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच १९२४ साली आपले सत्येंद्रनाथ बोस पॅरिसला गेले, तेव्हा तेही परिचयपत्र घेऊन लांझव्हँ यांनाच भेटले होते.

पुढे जर्मनीत हिटलरची सत्ता आली. हे संकट साऱ्या युरोपवर कोसळेल, हे ओळखून १९३४ मध्ये लांझव्हँ यांनी काही विचारवंतांसह लोकांना सावध करणारी समिती स्थापन केली. तो इशारा खोटा नव्हता. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले आणि ३० ऑक्टोबर रोजी अडुसष्ट वर्षांच्या या वृद्ध प्राध्यापकास अटक झाली. ८ नोव्हेंबर रोजी विद्यार्थी त्यांच्यासाठी कॉलेज द फ्रान्ससमोर निर्भयपणे जमले. सुमारे सव्वा महिन्यानंतर तुरुंगातून सुटका झाली. परंतु त्यांना त्र्वा या गावी नजरकैदेत ठेवण्यात आले. दुःखांचा अंत तेथे झाला नाही. जावई झाक सोलोमन हे स्वतः भौतिकीचे संशोधक होते. त्यांना मे १९४२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कन्या हेलेन हिला १९४३ च्या जानेवारीत ऑशविट्झच्या छळछावणीत धाडण्यात आले. सुदैवाने ती जिवंत परतली. लांझव्हँ यांनी मात्र शत्रूपुढे मान तुकविली नाही. १९४४ च्या मे महिन्यात ते गुप्तपणे स्वित्झर्लंडला निसटले आणि पॅरिस मुक्त झाल्यावर परत आले.

अखेरच्या दिवसांत त्यांनी फ्रान्समधील शिक्षणाची नवी योजना आखण्याचे काम हाती घेतले. गरिबाच्या मुलालाही त्याच्या कुवतीप्रमाणे शिकता यावे, ही त्यांची तळमळ होती. ते काम चालू असतानाच १९ डिसेंबर १९४६ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये त्यांचा देह थोर पुरुषांच्या पँथिऑन या स्मारकात सन्मानाने नेण्यात आला.

त्यांच्या यंत्राची वाढ पुढे पुष्कळ झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याला सोनार हे नाव पडले. दागिने घडविणाऱ्या आपल्या सोनाराशी या नावाचा संबंध नाही. परंतु योगायोग असा, की दोघांपुढेही अस्सल आणि नक्कल यांची पारख करण्याचा प्रश्न असतो. त्या युद्धात बुडालेली जहाजे, देवमासे आणि माशांचे थवे यांनाच पाणबुडी समजून कित्येकदा हल्ले झाले. निष्णात खलाशी कानावर भिस्त ठेवीत. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते, तसा जवळ येणाऱ्या पाणबुडीचा प्रतिध्वनी भोवतीच्या निनादापेक्षा किंचित चढा असतो, आणि दूर जाणारीचा उतरता. खडक हलत नाही. म्हणून त्याचा स्वर निनादाशी जुळून राहतो.

पुढे हे कसब संगणकाला शिकविण्याचे प्रयत्न सुरू झाले. एकच खूण पाहून निर्णय करावयाचा नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. प्रतिध्वनी किती लांबला, त्याच्या कडा तीक्ष्ण आहेत की पसरट, स्वर चढला की उतरला, पुढच्या हाकेलाही तो आला का, आणि आला तर जहाजाच्या चालीला साजेल इतकाच सरकला का, अशा अनेक खुणा एकत्र ताडून पाहावयाच्या. खऱ्या आणि फसव्या प्रतिध्वनींचे पुष्कळ नमुने दाखविल्यावर संगणक त्यांच्यातील फरक स्वतः शिकतो. १९८८ मध्ये अमेरिकेतील गोर्मन व सेज्नोव्स्की या दोन संशोधकांनी वाळूच्या समुद्रतळावर ठेवलेले धातूचे नळकांडे आणि तशाच आकाराचा खडक यांचे २०८ प्रतिध्वनी घेतले. प्रत्येक प्रतिध्वनी ६० आकड्यांत मांडून त्यांनी तो संगणकाला शिकविला. पूर्वी न पाहिलेल्या प्रतिध्वनींपैकी दहांतील सुमारे नऊ त्याने बरोबर ओळखले.

तरीही एक उरतोच. चाळणी फार बारीक केली तर खोटे इशारे थांबतात, पण खरी पाणबुडीही निसटून जाण्याचे भय असते. ती जाड केली तर पाणबुडी सापडते, पण खडकही हाती येतात. उथळ पाण्यातील हा तोल साधण्याचे काम शास्त्रज्ञांना आजही करावे लागते.

लांझव्हँ यांनी समुद्राला बोलते केले. समुद्राचे बोलणे नीट समजून घेण्याचे काम त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपविले. ऐकू आलेली प्रत्येक गोष्ट खरी मानू नये, आणि खरी गोष्ट क्षीण आवाजात आली म्हणून ती टाकूनही देऊ नये. प्रयोगशाळेत, न्यायाच्या लढ्यात आणि तुरुंगातही ते असेच वागले. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीची वाट पाहाल, त्या वेळी या पारख्याची आठवण अवश्य ठेवा.